उलट्या लवेचे बारा झगे

माझ्या थोरल्याला पन्नाशीच्या उंबरठ्यावर चांगलं वागायची खोड लागली आणि घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

सकाळी उठून बघते तर स्वारी माझ्याआधी स्वयंपाकघरात. चहा तयार, कप विसळलेले, माझ्या खुर्चीत उशी. "आई, पाय दुखतात का गं?" माझे पाय गेली वीस वर्षं दुखताहेत, ह्याला आज दिसले. दुपारी बायकोच्या भाजीची तारीफ केली, तर ती बिचारी घास तोंडाजवळ धरूनच बसली. वन्संच्या बटणांचे डबे रंगवार लावून ठेवले. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची बहीण. वय ऐंशी, आमच्या शिंपीकामाच्या दुकानातली इस्त्री त्यांच्याकडे, आणि त्यांच्या डब्यांना हात लावायची माझीही छाती होत नाही. शिवाय चारही मशिनींना इतकं तेल पाजलं की एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर डाग उठला आणि तो मला साबण लावून काढावा लागला.

माणूस चांगला असतो, ते ठीक. पण अचानक चांगला होतो तेव्हा समजावं, की कुठेतरी काहीतरी पुरलंय आणि वरून फुलझाडं लावणं चाललंय.

ह्या सगळ्या चांगुलपणात एकच काम तेवढं होत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं, आणि तिच्या लग्नाच्या झग्याचं कापड कागदाच्या पुडक्यात तसंच पडलं होतं. सायीच्या रंगाची मखमल. नातीने स्वतः जाऊन आणलेली. तिला आम्ही टाचणी म्हणतो, कारण अंगाने तशी आणि बोलायलाही तशीच. दवाखान्यात नर्स आहे. रोग्याला सुई टोचायच्या आधी ती त्याला सांगते, "दुखणार आहे," आणि मग टोचते. तिची ही रीत मला आवडते.

त्या दिवशी ती दवाखान्यातून थेट दुकानात आली. खाली दुकान, वर घर, हे आमचं सगळं राज्य. कापड बेतायच्या लांब टेबलाशी तिचा बाप उभा, खिडकीशी मी काजं करत बसलेले, मोठी सून मशिनीवर, वन्सं इस्त्रीशी.

"बाबा, बेतलं?"

"कात्री धार लावायला दिलीय."

"काल?"

"काल ढग होते. मखमल अंधारात बेतू नये."

"परवा?"

"परवा तर नुकतीच घडीतून काढली होती. मखमलीला दोन दिवस श्वास घेऊ द्यावा लागतो."

"मखमल श्वास घेते होय?" वन्सं इस्त्री उचलून म्हणाल्या. "साठ वर्षं मी तिला वाफेने गुदमरवत आले, कुणी बोललं नाही ते."

टाचणी हसली नाही. हातातली पिशवी तिने टेबलावर ठेवली, बरोब्बर पुडक्याच्या शेजारी. "बाबा, तुम्हाला माझं लग्न नको असेल तर सरळ सांगा. मुलगा बस चालवतो म्हणून का?"

"अगं नाही! फार गुणी मुलगा आहे. लाखात एक."

"झालं! म्हणजे नक्कीच आवडत नाही." तिचे डोळे भरले. "गेला महिनाभर तुम्हाला जे जे आवडत नाही ते ते तुम्ही लाखात एक म्हणताय. परवा आत्याआजीचं खोकल्याचं औषध लाखात एक होतं."

थोरल्याने पुडक्याची सुतळी सोडायला घेतली. गाठ साधीच होती. त्याची बोटं त्या गाठीवर अडखळताना मी बघितली. ह्याने माणूस दारातून आत येतानाच त्याचं माप सांगावं, डोळे झाकून ह्याच बोटांनी बाही बेतावी. आणि आता सुतळी सुटेना.

"राहू दे," टाचणी म्हणाली. "मी काकाकडे जाते. तो बेतून देईल."

मोठ्या सुनेची मशीन थांबली. वन्संनी इस्त्री उभी करून ठेवली. दुकानात 'काका' हा शब्द अकरा वर्षांत कुणी उच्चारला नव्हता, आणि ही पोरगी तो टेबलावर आपटून चालती झाली.

काका म्हणजे माझा धाकटा. त्याचं दुकानातून जाणं मी नेहमी एका ओळीत उरकते. ते आता नीट सांगायला हवं.

आमच्या दुकानाची एक रीत आहे, ती आमच्या ह्यांनी घालून दिली. ज्याने कापड बेतलं त्याने त्या कपड्याच्या गळ्याला आतून फुलीचा एक टाका घालायचा, आपापल्या रंगाच्या धाग्याने. थोरल्याचा पांढरा, धाकट्याचा निळा, माझा काळा. काही बिघडलं तर कुणाकडे बघायचं ते गिऱ्हाइकाच्या आधी आम्हाला कळावं, एवढ्यासाठी. हे गेल्यावर तीन वर्षांनी मोठ्या चर्चच्या गायकांचं काम आलं: गडद लाल मखमलीचे चोवीस लांब झगे. दोघा भावांनी बारा-बारा बेतले.

ज्याने मखमल शिवली नाही त्याच्यासाठी सांगते. मखमलीला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलट फिरवला तर खरखर. सगळे तुकडे लव एकाच दिशेला ठेवून बेतायचे. चुकून उलटे बेतले तर टेबलावर काही दिसत नाही. पण अंगावर चढून उजेडात उभं राहिलं की तेच कापड वेगळ्या रंगाचं दिसतं.

रविवारी गायक उठून उभे राहिले. मोठ्या खिडकीतून ऊन आत आलेलं. एक लाल, एक काळा, एक लाल, एक काळा. बुद्धिबळाचा पट गायला उभा राहिल्यासारखा. पुढच्या बाकावरचं एक पोर खदखदून हसलं, मग त्याची आई हसली, मग पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

सोमवारी झगे परत आले. सहा कारागीर बघत होते. मी गळे उलटून पाहिले: बाराच्या बारा काळ्या झग्यांत निळी फुली.

"आई, हे मी बेतले नाहीत," धाकटा म्हणाला.

"फुली तुझी आहे. धागा खोटं बोलत नाही."

"फुली नीट बघ."

"चूक करायची, लपवायची आणि वर आईला आंधळी ठरवायची! ह्या टेबलाशी खोटारडा माणूस उभा राहणार नाही."

त्याने कात्री टेबलावर ठेवली, अंगरखा खुंटीला लावला आणि गेला. पुलापलीकडे त्याने आपलं छोटं दुकान काढलं. चर्चमध्ये भेटतो, माझं औषध आणून देतो, पोराबाळांशी बोलतो, सणावाराला बायकोच्या हातून खाऊ पाठवतो. पण आमच्या दुकानाचा उंबरा त्याने पुन्हा ओलांडला नाही.

पुलापलीकडे काय घडलं ते मला टाचणीने सांगितलं, आणि तिचं सांगणं दवाखान्यातल्या कागदासारखं असतं, काही गाळत नाही.

ती गेली तेव्हा धाकटा एका जाड्या माणसाच्या विजारीची कंबर वाढवत होता. धाकटी सून बाह्या उलटत बसलेली.

"काका, माझा झगा बेतून दे. बाबा टाळताहेत."

"दादा टाळतोय? पोरीच्या लग्नाचा झगा? आजारी आहे का?"

"आजारी नाहीत. चांगले वागताहेत."

"बाप रे," काका म्हणाला. मग पायाने मशीन चालवता चालवता विचारलं, "कापड कसलं?"

"मखमल."

मशीन थांबली. टाचणी म्हणते, तो एकदम हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "दादाला मखमल बेतवत नाही! अकरा वर्षं झाली तरी!"

"काय झालंय काय तुम्हा सगळ्यांना?"

"काही नाही गं. तू जा, दुसरं कापड आण. साटीन छान दिसेल."

तेव्हा धाकटी सून बोलली. ती कमी बोलते, म्हणून मला ती आधी घुमी वाटायची, आता शहाणी वाटते. "अहो, तुम्ही जाताय की मी जाऊ? मी गेले तर सगळं सांगून येईन. मग तुमच्याकडे दुखावलेलं राहायला काही उरणार नाही."

धाकट्याने तिच्याकडे बघितलं, विजार बाजूला ठेवली, कात्री कागदात गुंडाळली आणि पुतणीला म्हणाला, "चल."

पुलावरून येताना तो तीनदा थांबला. एकदा म्हणे बुटाची नाडी बांधायला. टाचणी म्हणाली, "काका, तुझ्या बुटाला नाडी नाही."

इकडे दुकानात मोठी सून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हातात अस्तराचा तुकडा, उगीचच घडी घालत. "आई, एक बोलू?" मी म्हटलं बोल. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो पाठमोरा उभा राहून एकाच सुतळीची गाठ अजून सोडवत होता. "काही नाही," ती म्हणाली. "अस्तर कमी पडेल असं वाटतंय." अस्तर भरपूर होतं. तिलाही ठाऊक होतं, मलाही.

दार उघडलं आणि धाकटा उंबऱ्यावर उभा राहिला.

त्याला काय म्हणायचं हे मी अकरा वर्षं मनात घोळवत आले होते. एक कडक वाक्य होतं आणि एक मायेचं. ऐन वेळी तोंडातून निघालं, "पाय पुसून ये."

"हो आई," तो म्हणाला आणि पाय पुसले.

वन्संनी त्याच्या दोन्ही गालांना हात लावला. "वाळलास. ती जेवायला घालत नाही का तुला?" तो आमच्या घरातला एकटाच माणूस, ज्याला वन्सं कधी टोचून बोलल्या नाहीत. माझ्या पाठीमागे त्या त्याच्या बाजूच्या, आणि माझ्या तोंडावरही.

दोघे भाऊ टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिले. धाकट्याने पुडकं जवळ ओढलं, गाठ एका झटक्यात सोडली आणि मखमल टेबलभर पसरली. सगळी खोली उजळून निघाली.

"टाचणे, हात फिरव. असा. आता उलटा."

"खरखरतंय."

"म्हणजे लव खाली जाते. सगळे तुकडे ह्याच दिशेने बेतायचे, एवढंच शास्त्र. दादा, खडू दे."

थोरल्याने खडू पुढे केला. तो त्याच्या बोटांतून सुटला, टेबलावर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"ते बारा झगे मी उलटे बेतले होते," थोरला म्हणाला.

वन्संची इस्त्री ओल्या फडक्यावर तशीच फिरत होती.

"द्यायच्या दिवशी तुम्ही सगळे वर जेवायला बसला होता. मी खाली आलो. झगे ओळीने टांगलेले आणि खिडकीतून ऊन पडलेलं. तेव्हा मला दिसलं. माझे बारा काळे. वर येऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन दिवस उशीर झाला असता. पण बाबा गेल्यापासून सगळे मला मास्तर म्हणायला लागले होते. मला वाटलं, धाकटा लहान आहे. लोक त्याला चार दिवस बोलतील आणि विसरतील. मी माझ्या पांढऱ्या फुल्या उसवल्या आणि निळ्या घातल्या. त्याच्या निळ्या काढून पांढऱ्या घातल्या. चोवीस फुल्या एका तासात. इतकं चपळ काम मी जन्मात केलं नाही." तो लेकीकडे वळला. "तुझं लग्न मला हवंय गं. ड्रायव्हर खरंच गुणी आहे. पण हे कापड बघितलं की हात चालत नाही. ह्यात तुला गुंडाळून वेदीपुढे न्यायचं, आणि मी असा."

कुणी काही बोलायच्या आत वन्संनी इस्त्री बाजूला ठेवली.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हे. इस्त्रीवाल्या बाईला लव कळत नाही होय? आणि निळ्या फुल्या सगळ्या उलट्या झुकलेल्या. उजव्या हाताची फुली एका बाजूला झुकते, डाव्या हाताची दुसऱ्या. ह्या घरात डावरा एकच."

"मग बोलला का नाहीत, आत्या?" थोरल्याने विचारलं.

"वहिनी बोलल्या होत्या ना. वहिनी बोलल्यावर ह्या घरात कुणी बोलतं?"

हा टोला मला होता. मी सुईत दोरा ओवायचं नाटक केलं.

मोठी सून पदराशी चाळा करत म्हणाली, "मलाही माहीत होतं. तुमच्या बंडीच्या खिशात उसवलेल्या पांढऱ्या फुल्यांचे बारीक तुकडे सापडले. धुवायच्या आधी खिसे बघते ना मी. चुलीत टाकले."

थोरला तिच्याकडे वळला. "अकरा वर्षं? मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला बोललात?"

"मी तुला तोंड दाखवायला घाबरत होतो!"

"मी तुम्हाला कळू नये म्हणून घाबरत होते! तुम्ही खिशात हात घातलात की मी उठून स्वयंपाकघरात जायचे."

"थांबा, थांबा," टाचणी दोन्ही हात वर करून म्हणाली. "काका, तुला कधी कळलं?"

"झगा हातात घेतल्याबरोबर. दादाची फुली मी ओळखणार नाही? मला फुली घालायला त्यानेच शिकवलं. त्याचं बघून बघून पहिली दोन वर्षं माझीही उलटीच पडायची, बाबा हातावर पट्टी मारायचे."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! मी सोडून सगळ्यांना! आणि प्रत्येक जण दुसऱ्यापासून लपवत होता?" ती मटकन खुर्चीत बसली. "अरे, मग लपवलं कुणापासून?"

ह्या प्रश्नावर आधी वन्सं हसल्या. त्यांचं हसणं खोकल्यासारखं सुरू होतं, कुणाच्या लक्षात येत नाही. मग धाकटा हसला, मग मोठी सून पदरात तोंड खुपसून हसली, आणि शेवटी रडता रडता थोरलाही हसायला लागला. एका चोरीला इतके राखणदार, आणि एकालाही दुसऱ्याचा पत्ता नाही.

मी हसले नाही. टाचणीच्या ते लक्षात आलं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"आजी, आणि तू?"

आता तुम्हालाही सांगते. ऐकणाऱ्यापासूनही मी इतका वेळ लपवलंच. खोड जात नाही.

त्या सोमवारी धाकटा गेल्यावर मी झग्यांची अस्तरं सोडवायला बसले. अस्तर चांगलं होतं, ते वाया का घालवायचं? 'फुली नीट बघ' हे कानात होतंच. बघितली. पहिल्या झग्याची उलटी. दुसऱ्याची उलटी. बाराच्या बारा. मी शिंप्याच्या घरात चाळीस वर्षं काढलेली बाई, मला कुणी समजावून द्यायला नको होतं. उठून पूल ओलांडायला मला दहा मिनिटं लागली असती. पण सहा कारागिरांसमोर मी एक शब्द बोलले होते, आणि माझा शब्द मागे घेतलेला ह्या दुकानात कुणी पाहिला नव्हता. मी ते निळे धागे काढून घेतले, माझ्या काळ्या धाग्याच्या रिळाखाली दडपले आणि पुढच्या अस्तराला लागले.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. बसूनच सांगितलं, पायांमुळे नाही.

"आमचे हे सकाळी टेबलाशी उभे राहून शास्त्र वाचायचे," मी म्हणाले. "मला वाचता येत नाही फारसं, मी काजं करता करता ऐकायचे. ते म्हणायचे, जगात पहिलं शिवणकाम आदाम आणि हव्वेने केलं, आणि तेही लपायला. पानं जोडली. ना माप, ना अस्तर, संध्याकाळपर्यंत सुकून चुरा होणारं. आणि झाडामागे जाऊन बसले. तेव्हा देव बागेत आला आणि त्याने हाक मारली, कुठे आहेस रे? त्याला दिसत नव्हतं होय? सगळं ठाऊक असून त्याने विचारलं. पोराला स्वतःच्या तोंडाने सांगता यावं म्हणून." मी पदर डोळ्यांना लावला. वन्संनी मुद्दाम दुसरीकडे बघितलं, हे त्यांचे उपकार. "मला ठाऊक होतं, आणि मी विचारलं नाही. तुलाही नाही, ह्यालाही नाही."

धाकटा हळूच म्हणाला, "मी वाट बघत होतो, आई. ठरवलं होतं, तू एकदा विचारलंस की सांगेन. रविवारी चर्चच्या दारात तू म्हणायचीस, जेवलास का? पण ते नाही विचारलंस."

'चुकणं' हा शब्द मी जन्मभर दुसऱ्यांच्या मापाने शिवलाय. तू चुकलास, ती चुकली. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या अंगावर चढवून पाहिला, तर गळ्याला फार घट्ट झाला.

"मी चुकले," मी म्हणाले. "मी तुला खोटारडा म्हटलं आणि खोटं माझ्या रिळाखाली होतं."

तो आला आणि माझ्या खुर्चीपाशी खाली बसला, लहानपणी टाचण्या वेचायला बसायचा तसा. "मीही काही साधू नाही. अकरा वर्षं मी एकटा निर्दोष होतो ना, त्यात फार मजा येते. तुम्ही सगळे चुकलेले, आणि मी पुलापलीकडे आपला पांढरा स्वच्छ. दादाने मागे कधी माफी मागितली असती तर मला राग आला असता. माझं एवढं सुख गेलं असतं. बायको म्हणते, तुमचं दुखणं तुम्ही रोज पुसूनबिसून कपाटात ठेवता."

"तुझी बायको," वन्सं म्हणाल्या, "ह्या घरातली पहिली शहाणी बाई."

"दुसरी," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्ही आत्ताच कबुली दिलीत. पाच मिनिटं तरी दम धरा."

थोरला भावासमोर उभा राहिला. त्याने हात जोडले नाहीत, पाया पडला नाही. फक्त म्हणाला, "मला माफ कर. मी तुझं नाव घालवलं आणि माझं वाचवलं."

धाकट्याने त्याला मिठी मारली, जरा जास्तच जोरात. थोरल्याच्या गळ्यातला टेप मध्ये अडकला आणि दोघांना सोडवायला टाचणीला यावं लागलं.

"आता माझा झगा!" ती म्हणाली. "नाहीतर पुढच्या शनिवारी मी दवाखान्याच्या कपड्यांतच उभी राहीन."

धाकट्याने गुंडाळलेली कात्री उघडली आणि मूठ भावाकडे करून धरली. "तू काप, मी कापड धरतो."

"माझा हात..."

"म्हणून तर मी धरतो म्हटलं."

कात्री मखमलीत शिरली. पहिली वीतभर ती अडखळली, मग तिला वाट मिळाली आणि तो जुना आवाज आला, कच्ची काकडी दाताखाली यावी तसा. ह्यांच्या वेळचा आवाज. समोरचा भाग, पाठ, एक बाही, दुसरी बाही. प्रत्येक तुकडा उचलला की दोघे भाऊ त्यावरून हात फिरवून बघत आणि एकदम म्हणत, "खाली." मोठी सून मागून गुणगुणायला लागली, वन्सं चुकीच्या सुरात साथ द्यायला लागल्या. टाचणीने ड्रायव्हरला फोन लावून सांगितलं की लग्न होणार आहे. तो बिचारा म्हणाला, "का, होणार नव्हतं?"

शेवटचा तुकडा बेतून झाला तेव्हा थोरल्याने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला पन्नास वर्षं ओळखते. गणित चुकल्यावर शाळेतून घरी यायचा तेव्हाही असाच बघायचा.

"आई, झालं ना गं? घरातल्या घरात मिटलं. बरं झालं, नाही?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीतून उठले आणि टेबलापाशी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"नाही झालं. तुझ्या भावाला मी घरातल्या घरात खोटारडा ठरवलं नव्हतं. सहा कारागीर ऐकत होते, आणि त्यांच्या तोंडून गावभर गेलं. ते चोवीस गाणारे आजही त्याच्या हाती मखमल देत नाहीत. देवाने तुला माफ केलं, भावाने केलं, तो त्यांचा मोठेपणा. पण त्याचं नाव तू नेलंस, ते तुलाच परत पोचवायचंय. गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये गाण्याची तालीम असते. तू जाणार, सगळ्यांसमोर उभा राहणार आणि आत्ता सांगितलंस तसं सांगणार, ऊन, खिडकी, फुल्या, काही न गाळता. तुझं झालं की मी सांगणार, कारण माझं तुझ्याहून मोठं आहे. आणि हे बघ, तिथे मान खाली घालून उभं राहायचं नाही. लपणाऱ्याने घालावी मान खाली. तू आज झाडामागून बाहेर आलास. आता ताठ उभा राहा, मास्तर, म्हणजे माझा थोरला कोण ते लोकांना नीट दिसेल."